अंतराची जागा भिंतीने कशी घेतली : अमेरिकेतील घर आणि गॅरेज यांच्या जोडणीचा इतिहास

अमेरिकेतील उपनगरांत घर आणि गॅरेज यांच्यामध्ये असणारी भिंत, त्या भिंतीतले जाड दार आणि काही जुन्या घरांत या दोहोंना सांधणारा छपराखालचा अरुंद मार्ग या गोष्टी बांधकाम म्हणून अगदी किरकोळ आहेत. परंतु विसाव्या शतकात त्या देशात बांधकाम-नियमनाच्या ज्या दोन स्वतंत्र परंपरा वाढल्या, त्या नेमक्या याच ठिकाणी एकत्र येतात. पहिली परंपरा आगीच्या भयातून जन्मली आणि इमारत कशाची, किती जाडीची व किती सुरक्षित असावी हे तिने ठरवले. दुसरी परंपरा जमिनीच्या वापरातून जन्मली आणि भूखंडाच्या कोणत्या भागात काय उभे राहावे हे तिने ठरवले. पहिलीचा मूळ कल मोटारगाडी घरापासून दूर ठेवण्याकडे होता, तर दुसरीच्या तरतुदींमुळे अनेक घरमालकांना गॅरेज घराला जोडून घेणे सोयीचे, कधी अपरिहार्य ठरले. या ओढाताणीतून अमेरिकी घराचे आजचे रूप घडले आणि म्हणूनच या जोडणीचा इतिहास हा त्या देशातील नागरी नियमांचाही इतिहास आहे.

मोटारीच्या आधी भूखंडाच्या मागील टोकाला तबेला आणि बग्गीखाना असे. एकोणिसाव्या शतकातील शिकागोसारख्या शहरांत घरांच्या दोन रांगांमधून मागची गल्ली काढलेली असे. कोळसा, कचरा, घोडे आणि गाड्या यांची ये-जा त्या गल्लीतून होई आणि पुढचा रस्ता माणसांसाठी मोकळा राही. घोड्यांची लीद, माश्या आणि वास यांमुळे तबेला घरापासून लांब असणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक होते. शिवाय साठवलेले गवत आणि कंदिलाची ज्योत एकाच छपराखाली असल्यामुळे तबेल्याला आग लागण्याचा धोका नेहमीचाच होता. धनिकांच्या बग्गीखान्याच्या माळ्यावर गाडीवानाची राहण्याची सोय असे, सामान्य मध्यमवर्गीयाला मात्र भाड्याच्या तबेल्यावर अवलंबून राहावे लागे. मोटारगाडी आली तेव्हा तिला ही तयार जागा मिळाली: घोडा गेला, त्याच्या जागी यंत्र आले, पण इमारत तीच राहिली, मागेच राहिली आणि घरापासून सुटी राहिली.

आरंभीच्या मोटारगाड्या महाग होत्या, त्यांना बंद टप किंवा काचांचे संरक्षण बहुधा नसे आणि रंग, कातडे व पितळ यांना ऊन-पावसापासून जपावे लागे. त्यामुळे अनेक मालक आपली गाडी सार्वजनिक गॅरेजमध्ये ठेवत, जिथे तिची देखभाल करणारे कारागीरही असत. १९०८ मध्ये फोर्ड कंपनीचे ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला बाजारात आले, १९१३ मध्ये हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या जुळणी-रांगेची पद्धत सुरू झाली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास त्या गाडीची स्वस्तातली आवृत्ती ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. १९०० साली साऱ्या देशात मोटारींची संख्या सुमारे ८,००० होती; १९२९ मध्ये मालवाहू वाहने धरून ती २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. एवढ्या गाड्या सार्वजनिक गॅरेजांत मावणे शक्य नव्हते, म्हणून घरोघरी स्वतःचे छोटे गॅरेज उभारण्याची चाल पडली. टपालाने घरांचे सुटे भाग विकणाऱ्या सीअर्स-रोबक कंपनीच्या सूचीपत्रांत लाकडी गॅरेजेही मिळू लागली. मालकाने किंवा गावच्या सुताराने ती परसात जुळवून उभी करावीत, अशी ती योजना होती.

हे गॅरेज घराला चिकटवून का बांधले जात नव्हते, याचे मुख्य उत्तर पेट्रोल हे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर निघून न जाता फरशीलगत पसरते आणि दूरवरच्या शेगडीच्या, पाणी तापवण्याच्या बंबाच्या किंवा साध्या ठिणगीच्या संपर्कात आली तर पेट घेते. घरांच्या तळघरात कोळशाच्या भट्ट्या पेटत्या असण्याच्या त्या काळात ही वाफ भिंतीच्या फटीतून किंवा दाराखालून आत शिरणे म्हणजे अनर्थच होता. आगीच्या हानीचा पैसा विमा कंपन्यांना मोजावा लागत असल्याने त्यांची या प्रश्नाशी थेट गाठ पडली. १८६६ मध्ये स्थापन झालेली अग्निविमा कंपन्यांची राष्ट्रीय संघटना आणि १८९६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्था या दोन संघटनांनी अमेरिकेतील बांधकाम-नियमांची पहिली शिस्तबद्ध मांडणी घडवली. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराच्या व्यापारी भागात लागलेल्या आगीत दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या आणि त्यानंतरच्याच वर्षी, १९०५ मध्ये, विमा कंपन्यांच्या संघटनेने शहरांनी स्वीकारावी अशी आदर्श इमारत संहिता प्रसिद्ध केली. आदर्श संहिता म्हणजे स्वतः कायदा नसलेला, परंतु राज्याने किंवा नगरपालिकेने ठराव करून आपला कायदा म्हणून स्वीकारावा असा तयार मसुदा. अमेरिकेत साऱ्या देशाला बंधनकारक अशी एकच इमारत संहिता आजही नाही. मसुदा राष्ट्रीय आणि अंमल स्थानिक ही तेथील पद्धत तेव्हापासून चालत आली आहे.

या पहिल्या पिढीच्या नियमकर्त्यांच्या हाती संरक्षणाचे जे साधन होते ते मुख्यतः अंतराचे होते. लाकडी घरांच्या देशात भिंतीवर विश्वास टाकता येत नव्हता, म्हणून दोन इमारतींमध्ये मोकळी जागा सोडणे हाच आग रोखण्याचा भरवशाचा उपाय मानला गेला. याला अपवाद करणारी घरे होती, पण ती श्रीमंतांची आणि विटा-काँक्रीटची. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी शिकागोत बांधलेल्या आणि १९१० मध्ये पूर्ण झालेल्या रॉबी हाउस या वास्तूत तीन मोटारींचे गॅरेज घराच्याच रचनेत सामावलेले होते. मोटारीला घराचा अवयव मानण्याची ही कल्पना तेव्हा काळाच्या पुढची होती. ती सामान्य घरापर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे तीन दशके जावी लागली.

दरम्यान दुसरी परंपरा आकार घेत होती. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात कोणता वापर चालेल आणि इमारतीची उंची, आकार व जागा कशी असेल हे ठरवणाऱ्या पद्धतीला क्षेत्रविभागणी म्हणता येईल. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये या प्रकारचा पहिला सर्वंकष ठराव संमत केला आणि त्यात निवासी विभागांतून पाचपेक्षा अधिक मोटारींची गॅरेजे वगळली. मालकाच्या स्वतःच्या गाडीसाठी असलेले लहान गॅरेज मात्र घराला पूरक म्हणून चालवून घेतले. पुढे हर्बर्ट हूव्हर यांच्या वाणिज्य खात्याने १९२४ मध्ये राज्यांसाठी आदर्श अधिनियम प्रसिद्ध केला, ज्याच्या आधारे राज्ये आपल्या नगरपालिकांना क्षेत्रविभागणीचा अधिकार देऊ शकत होती. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातील युक्लिड गावच्या खटल्यात हा अधिकार घटनासंमत ठरवला आणि १९२७ मध्ये व्हर्जिनियातील रोआनोक शहराच्या ‘गोरिब विरुद्ध फॉक्स’ या खटल्यात इमारत रस्त्यापासून ठरावीक अंतर मागे बांधण्याची सक्तीही वैध ठरवली.

रस्त्यापासून आणि शेजाऱ्यांच्या हद्दीपासून सोडायचे हे किमान अंतर मराठी वाचकाला नगरपालिकांच्या नियमावलीतील ‘सामासिक अंतर’ या नावाने परिचित आहे. अमेरिकी नियमांनी या अंतराला आणखी एक भेद जोडला, तो मुख्य इमारत आणि पूरक इमारत यांच्यातील. ज्या वापरासाठी भूखंड आहे ती मुख्य इमारत, म्हणजे घर. आणि त्या वापराला साहाय्य करणारी, त्याच भूखंडावरची दुय्यम इमारत ती पूरक, म्हणजे गॅरेज, अवजारांची खोली किंवा कोंबड्यांचे खुराडे. मुख्य इमारतीला बाजूने आणि मागून मोठे अंतर सोडावे लागे. पूरक इमारत मात्र मागच्या अंगणात हद्दीच्या अगदी जवळ उभी करता येई, पण त्याबदल्यात तिची उंची, तिचे क्षेत्रफळ आणि कधी अशा इमारतींची संख्याही मर्यादित ठेवली जाई. समोरच्या अंगणात पूरक इमारत बहुधा निषिद्ध असे. महाराष्ट्रातील नियमावल्यांनीही स्वतंत्र बंगल्याच्या भूखंडावर मागच्या कोपऱ्यात कमी उंचीच्या बंदिस्त गॅरेजला सामासिक अंतरात मुभा दिलेली आहे. जागा वाचावी, पण शेजाऱ्याचा उजेड-वारा अडू नये, हाच हिशेब दोन्हीकडे दिसतो.

या भेदातून घर आणि गॅरेज यांच्या जोडणीला कायदेशीर अर्थ प्राप्त झाला. सुटे गॅरेज पूरक इमारत ठरते. तेच गॅरेज घराला जोडले की ते मुख्य इमारतीचा भाग बनते आणि त्याला मुख्य इमारतीचे सगळे नियम लागू होतात. ज्याला पूरक इमारतीच्या मर्यादेपेक्षा मोठे किंवा उंच गॅरेज हवे होते, ज्याच्या भूखंडावर आधीच एक पूरक इमारत उभी होती किंवा ज्याला दोन इमारतींमध्ये सोडायचे अंतर मिळत नव्हते, त्याला जोडणी हा मार्ग होता. उलट ज्याचे जुने गॅरेज हद्दीपासून तीन फुटांवर उभे होते, त्याने ते घराला जोडताच मुख्य इमारतच हद्दीपासून तीन फुटांवर आल्यासारखे होई आणि काल नियमात बसणारे बांधकाम आज नियमबाह्य ठरे. गॅरेजची जागा किंवा आकार न बदलता केवळ एका छपराच्या पट्ट्याने त्याची कायदेशीर ओळख बदलावी, ही क्षेत्रविभागणीच्या व्याख्यांची ताकद होती.

जोडलेले गॅरेज सामान्य घरापर्यंत येण्यास मात्र केवळ कायदा कारणीभूत नव्हता. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर उचलले जाणारे गॅरेजचे दार आणि १९२६ मध्ये ते उघडणारे विजेचे यंत्र तयार केले. बाहेर उघडणाऱ्या जड फळ्यांपुढचा बर्फ उपसण्याचे काम त्यामुळे संपले आणि गॅरेजचे तोंड रस्त्याकडे करणे सोयीचे झाले. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी १९२९ मध्ये न्यू जर्सीत मोटारयुगाचे नगर म्हणून रॅडबर्नची आखणी केली, तेव्हा गाड्यांच्या आखूड रस्त्यांकडे घराचे गॅरेज आणि स्वयंपाकघर, तर बागेकडे बैठकीची खोली अशी मांडणी त्यांनी रुजवली. नव्या उपनगरांत भूखंड रुंद झाले, मागची गल्ली आखणीतून गळाली आणि गाडीला परसापर्यंत नेणारा लांब रस्ता बांधण्यापेक्षा तिला घराच्या बाजूला थांबवणे स्वस्त पडू लागले. फ्रँक लॉइड राइट यांनी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे १९३७ मध्ये पूर्ण केलेल्या जेकब्स यांच्या घरात भिंतीविना, केवळ घराच्या छपराचा विस्तार म्हणून मोटारीचा आडोसा दिला. या आडोशाला कारपोर्ट म्हणतात, आणि निदान दोन बाजूंनी खुले असणे ही त्याची आजच्या आदर्श निवासी संहितेतील अट आहे, कारण खुल्या बाजूंमुळे वाफ साचत नाही.

१९३४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संघराज्य गृहनिर्माण प्रशासनाने घरकर्जांना हमी देण्यास सुरुवात केली आणि हमीसाठी घर कसे असावे याचे निकष देशभर पसरले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी तीव्र होती की १९४७ पासून न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउनमध्ये उभी राहिलेली पहिली हजारो घरे गॅरेजशिवायच विकली गेली. हातात पैसा आल्यावर मालकांनी स्वतः गॅरेज बांधले आणि तेव्हा त्यांच्यापुढे सुटे की जोडलेले हा प्रश्न नियमपुस्तकासह येऊन उभा राहिला.

याच काळात ‘ब्रीझवे’ म्हणून ओळखला जाणारा, दोन्ही बाजूंनी खुला किंवा जाळीने बंद केलेला छपराखालचा मार्ग लोकप्रिय झाला. दक्षिणेकडील राज्यांत दोन खोल्यांच्या मधोमध आरपार वाऱ्याची पडवी ठेवण्याची जुनी पद्धत होती. उन्हाळ्यात सावलीत बसण्याची ती जागा असे. युद्धोत्तर घरांनी ती कल्पना घेतली आणि एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला गॅरेज अशी मांडणी केली. त्यात अग्निसुरक्षेचे अंतर काही प्रमाणात टिकत होते, पावसापाण्यात कोरड्या पायाने घरात येता येत होते आणि क्षेत्रविभागणीच्या दृष्टीने गॅरेज जोडलेलेही ठरत होते. या तिहेरी सोयीमुळेच स्थानिक संस्थांना जोडणीची व्याख्या घट्ट करावी लागली. दोन खांबांवरच्या निरुंद छपराने पन्नास फुटांवरचे गॅरेज घराला जोडले गेले असे मानायचे का, या प्रश्नाला गावोगावी वेगवेगळी उत्तरे मिळाली. कुठे सामाईक भिंत लागते, कुठे सलग छप्पर पुरते, कुठे मार्गाच्या लांबीला मर्यादा आहे, तर कुठे तो मार्ग बंदिस्त आणि वावरण्याजोगा असावा लागतो. शेजारच्या दोन गावांत एकाच नकाशाला दोन निकाल मिळू शकतात, ते या स्थानिक अधिकारामुळे.

जोडणीचे परिणाम जमिनीखालीही पोहोचतात. थंड राज्यांत हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून फुगते आणि वरचे बांधकाम उचलते. म्हणून घराचा पाया गोठण्याच्या पातळीखाली न्यावा लागतो आणि ती पातळी उत्तरेत अनेक फूट खोल असते. लहान, हलक्या सुट्या गॅरेजला यातून सवलत मिळते. आजच्या संहितेत ६०० चौरस फुटांपर्यंतची आणि पागोळीपर्यंत १० फूट उंचीची हलक्या सांगाड्याची सुटी पूरक इमारत जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटच्या लादीवर चालते. हेच गॅरेज घराला जोडले की सवलत संपते, आणि ती संपणे योग्यही आहे, कारण खोल पायावर स्थिर असलेले घर आणि हिवाळ्यागणिक वर-खाली होणारी लादी यांना एकाच छपराने बांधले तर ते छप्पर सांध्यावर फाटते. जुने गॅरेज जोडू पाहणाऱ्या मालकाला छपरापेक्षा पायाचाच खर्च जास्त येतो, तो या कारणाने.

आगीच्या परंपरेने जोडलेले गॅरेज अखेर स्वीकारले, कारण भिंत आता विश्वासार्ह झाली होती. कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम दाबून बनवलेले फलक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी पोहोचले. जिप्सममध्ये रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते, आगीच्या उष्णतेने ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत फलकामागचे लाकूड तापत नाही, आणि या मिळालेल्या वेळात माणसे बाहेर पडू शकतात. देशाच्या निरनिराळ्या भागांत १९१५, १९२२ आणि १९४० मध्ये स्थापन झालेल्या बांधकाम-अधिकाऱ्यांच्या तीन संघटना आपापल्या आदर्श संहिता चालवत होत्या. एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी १९७१ मध्ये त्यांनी स्वतंत्र संहिता आणली, १९९४ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय संहिता परिषद स्थापन केली आणि २००० मध्ये त्या परिषदेची निवासी संहिता प्रथम प्रसिद्ध झाली.

या संहितेत अंतराचे रूपांतर भिंतीत कसे झाले ते स्पष्ट दिसते. गॅरेज आणि घर यांच्यामध्ये गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचे जिप्सम फलक लागतात; गॅरेजवर राहण्याची खोली असेल तर तिच्याखालच्या छताला पाच-अष्टमांश इंचाचे, अधिक अग्निरोधक फलक लागतात. मधले दार १⅜ इंच जाडीचे भरीव लाकडाचे किंवा पोलादी असावे किंवा वीस मिनिटे आग सोसणारे असावे, आणि गॅरेजचे दार थेट झोपण्याच्या खोलीत उघडू नये, कारण झोपलेल्या माणसाला धूर किंवा वायू उमजत नाही. ठिणगी निर्माण करणारी उपकरणे फरशीपासून १८ इंच वर बसवण्याच्या नियमात पेट्रोलच्या जड वाफेची तीच जुनी जाण आहे. सुटे गॅरेजही घरापासून तीन फुटांच्या आत असेल तर त्याच्या त्या बाजूच्या भिंतीला जिप्समचे संरक्षण द्यावे लागते. म्हणजे पुरेसे अंतर आहे तिथे भिंत सुटते आणि अंतर संपते तिथे भिंत सुरू होते. जुन्या नियमकर्त्यांना फारसा न दिसलेला कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही पुढे या मालिकेत आला. चालू इंजिनाचा हा गंधहीन वायू जोडलेल्या गॅरेजमधून घरात शिरतो, म्हणून संहितेच्या २००९ च्या आवृत्तीपासून जोडलेले गॅरेज असलेल्या नव्या घरांत त्याची सूचना देणारे उपकरण आवश्यक ठरले.

गॅरेज घराच्या अंगाला आले, तसे ते घराच्या तोंडावरही आले. भूदृश्याचे अभ्यासक जे. बी. जॅक्सन यांनी १९७६ मध्ये गॅरेज कुटुंबाच्या जीवनात कसे सामावले गेले यावर लिहिताना दाखवले की, ती जागा गाडीपेक्षा कुटुंबाच्या कामांची, छंदांची आणि सामानाची झाली होती. परंतु रस्त्यावरून पाहणाऱ्याला घराऐवजी रुंद दारे दिसू लागली, आणि पोर्टलंड शहराने १९९९ मध्ये गॅरेज घराच्या दर्शनी बाजूचा किती भाग व्यापू शकते यावर निर्बंध घातले. मेरीलँडमधील केंटलंड्ससारख्या, १९८० च्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या वसाहतींनी मागची गल्ली पुन्हा आणली आणि गॅरेज परसात परत नेले. कॅलिफोर्नियात २०१७ आणि २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांनी गॅरेजचे राहत्या घरात रूपांतर करणे सुकर केले, कारण तिथे आता गाडीपेक्षा माणसाला जागा मिळणे निकडीचे झाले आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर न्यू जर्सी आणि अन्य राज्यांच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही घरांची हीच घडण मिळाली. त्यांच्यापैकी अनेकांचा रोजचा वावर दर्शनी दारातून न होता गॅरेजमधून आत उघडणाऱ्या दारातून होतो.

या इतिहासातून एक गोष्ट ठामपणे पुढे येते. घराला गॅरेज जोडणे हे क्षेत्रविभागणीच्या दृष्टीने व्याख्येचे काम असले, तरी अग्निसुरक्षेच्या दृष्टीने ते जबाबदारीचे हस्तांतर आहे: जे काम मोकळ्या जागेने निमूटपणे केले, ते आता फलकाच्या जाडीने, दाराच्या घट्टपणाने आणि पायाच्या खोलीने करावे लागते. केवळ नकाशा मंजूर व्हावा म्हणून टाकलेले छप्पर दुसऱ्या परंपरेला समाधान देईल, पण मधल्या भिंतीचा विचार न करता ते टाकले तर पहिल्या परंपरेने शतकभर टाळलेला धोका घरात येईल. दोन्ही नियमपुस्तके वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवर असली तरी त्यांचा विषय एकच घर आहे आणि म्हणून ती एकत्र वाचली गेली पाहिजेत. नियमाचे कारण ज्याला ठाऊक असते तो त्याचे पालन अधिक नेमकेपणाने करतो; बांधकामाच्या नियमांचा इतिहास लिहिण्याचे आणि वाचण्याचे खरे प्रयोजन हेच आहे.